धावड्याच्या बायकांची मतं

कोणतीही निवडणूक संपली की तिचा निकाल एका ओळीत मावतो आणि किस्से मात्र वर्षानुवर्षे वाढत राहतात. आमच्या मंडळींत त्या कौन्सिलच्या निवडणुकीचा विषय निघाला की प्रत्येक जण पदरचे दोन शब्द घालतो, आणि पुढच्या बैठकीत त्या दोनांचे चार झालेले असतात! म्हणून ठरवले, जे पाहिले ते 'पाहिले' म्हणून आणि जे ऐकले ते 'ऐकले' म्हणून एकदाच नीट सांगून टाकावे. पडताळल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी कॉलेजपासूनची खोड. तरीही आधीच कबूल करते: त्या निवडणुकीचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता आणि आजही पुरता कळलेला नाही.

काळ हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दिवसांतला. आज ज्याला जालना जिल्हा म्हणतात तो तेव्हा नव्हताच. जालना, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादेत मोडत आणि वाटूर थेट परभणीत. मी जालन्याला मुलींच्या शाळेत शिकवीत होते आणि वकिली करणाऱ्या माझ्या काकांकडे राहत होते. एके दिवशी जाहीर झाले की सरकार नवे कौन्सिल भरवणार आणि त्यातले काही सभासद रयतेने निवडून द्यायचे. मत मात्र गाववार नव्हते, धंदेवार होते! पट्टेदारांचा, म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन त्यांचा, सभासद वेगळा, कुळांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा. म्हणजे मत द्यायच्या आधी माणसाने आपण कोण, हे ठरवायचे.

आणि ते ठरवणे किती अवघड असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

*

नाव नोंदवायला मी तहसील कचेरीत गेले. तिथल्या पेशकारांनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"धंदा?"

"मी ग्रॅज्युएट आहे."

"ते चांगलं झालं. धंदा?"

"तोच धंदा. तुमच्या नियमांत ग्रॅज्युएटांचा वेगळा मतदारसंघ आहे."

पेशकार उठून आत गेले. आतून तहसीलदारसाहेब स्वतः बाहेर आले. हैदराबादेतले गृहस्थ, अत्यंत अदबशीर. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बीबी, ग्रॅज्युएट होना शौक़ है, धंदा नहीं!"

नियमांची प्रत त्यांच्याच मेजावर होती. मी ते कलम काढून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, मान डोलावली. "बिलकुल बराबर. आप का धंदा ग्रॅज्युएट." मग थोडे थांबून विचारले, "तालुक़े में और कोई पढ़ी-लिखी औरत है?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"तो ज़नाना पोलिंग पर आप ही जाएँगी. धावडा!"

धावडा भोकरदन तालुक्यातले, पण त्या वर्षी भोकरदन-जाफराबादचे कामही जालन्याच्या कचेरीकडेच होते. ग्रॅज्युएटांचे मतदान त्याच दिवशी औरंगाबादला होते. म्हणजे शिकले म्हणून मला मत मिळाले, आणि शिकले म्हणूनच ते देता आले नाही!

*

काकांची स्थिती माझ्याहून बिकट. ते वकील होते, ग्रॅज्युएट होते आणि वडिलोपार्जित जमिनीमुळे पट्टेदारही होते. एका माणसाला एकच मत, आणि मतदारसंघ तीन! सकाळी ते वकील म्हणून उठत, दुपारी जेवताना ग्रॅज्युएट होत आणि संध्याकाळी वाटेकरी येऊन गेला की पट्टेदार.

"वकिलांत नाव घातलं तर बार रूममधले दोघेही उमेदवार माझे मित्र," ते येरझाऱ्या घालत म्हणत, "आणि पट्टेदारांत घातलं तर दोघेही माझे अशील!"

"मग ग्रॅज्युएटांत घाला," मी म्हणाले.

"तिथं तू आहेस. तू माझ्या उमेदवाराविरुद्ध मत देशील."

काकू तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, पण तुम्ही नक्की कोण, हे मलाही अजून उमगलं नाही. सरकारला काय सांगणार?"

काका विचारच करीत राहिले आणि मुदत संपली. तालुक्यातला सर्वांत शिकलेला, सर्वांत कायदेपंडित आणि बऱ्यापैकी जमीनदार माणूस कोणत्याच यादीत नव्हता!

*

आता मुख्य माणसाकडे वळते. काकांच्या त्या दोन अशिलांपैकी एक होते धावड्याचे यशवंतराव पाटील. पट्टेदारांच्या जागेसाठी ते उभे होते. दुसरे, त्यांच्या विरोधातले, जाफराबादकडचे विनायकराव देशमुख. ही दोन नावे लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ या दोन नावांचाच आहे.

पाटील धूर्त. ठरावीक शेतसारा भरणारा तोच मतदार, हा नियम ऐकताच त्यांनी ताडले की एका मोठ्या पट्ट्यामागे एकच मत. तोच पट्टा फोडला तर मते अनेक! एकत्र कुटुंबाची सगळी जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. त्यांनी ती घरातल्या बायकांच्या नावे करायचे ठरवले. मोठा मळा बायकोच्या नावे. मग आई, धाकट्या भावांच्या बायका, चुलत भावांच्या बायका, पुतण्यांच्या बायका.

"भावांच्या नावानं का नाही करत?" काकांनी विचारले.

"वकीलसाहेब, भावाच्या नावानं केली तर माघारी येईल का?" पाटील हसले. "बाई मान्सं बरी. इलेक्शन झालं की अंगठा घ्यायचा, जमीन घरात. न्हाई म्हणाया त्यांना तोंड कुठं हाये?"

हे वाक्य मी स्वतः, दाराआडून, ऐकलेले आहे.

कचेरीत या वाटण्या मंजूर करताना तहसीलदारसाहेब चकित झाले. कारण लेव्हीचे, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचे, धान्य वसूल करायला कारकून गेले तेव्हा पाटलांनी हात जोडून सांगितले होते की रान खडकाळ, पेरायला जागाच नाही. आता मतदार करायच्या वेळी प्रत्येक सुनेला पुरेल एवढी जमीन निघाली!

"पाटील," साहेब म्हणाले, "तुम्हारे यहाँ ज़मीन भी बारिश में उगती है क्या?"

*

पाटलांच्या बायकोचे नाव सगुणाबाई. त्यांची थोरली मुलगी आमच्या शाळेत होती आणि जालन्यालाच नातलगांकडे राहत होती. सगुणाबाई अधूनमधून मुलीला भेटायला येत आणि मला ज्वारीचा हुरडा, शेंगा असे काही ना काही आणीत. बोलणे कमी. सगळ्यांचे ऐकून घ्यायचे आणि मग एखादेच वाक्य बोलायचे, अशी त्यांची रीत.

जमीन नावावर झाल्यानंतर त्या आल्या, तेव्हा मी सहज म्हणाले, "अभिनंदन! तुम्ही आता पट्टेदार झालात."

"कशाचं काय बाई," त्या म्हणाल्या. "आंबा दाखवाया हातात दिल्याला हाये. चाखायला न्हाई."

मग बराच वेळ शेंगा सोलत बसल्या. उठता उठता म्हणाल्या, "दोन्ही पोरीच हायेत ना मला. इलेक्शन निघालं की जाफराबादेची सोयरीक आणनार म्हंत्यात. कौन्सिलवाल्याला वारस पायजे म्हनं."

"दुसरं लग्न? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कोन सांगंल? माझ्यापुढं बोलून राह्यले, मंग ऐकू आलं."

कायदा काय म्हणतो ते मी काकांना विचारले. त्यांनी तो सविस्तर सांगितला. त्यात सगुणाबाईंच्या उपयोगाचे काहीही नव्हते.

*

प्रचार कसा झाला, याबद्दल मी ऐकलेलेच सांगू शकते. कौन्सिल म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे अर्थ लावला होता. जाफराबादच्या बाजारात पाटलांनी भाषण केले, "मला कौन्सिलात पाठवा!" त्यावर एक म्हातारा कळवळून म्हणाला, "आवो, असं काय केलं तुमी? जामीन मिळत न्हाई का?"

पण माझ्या आवडीचा किस्सा वाटूरचा आहे. सगुणाबाईंचे माहेर वाटूर. जावई उभा आहे म्हटल्यावर सगळी भावकी गाड्या जुंपून मतदानाच्या आदल्या दिवशी जालन्याच्या कचेरीत हजर झाली! सगळे पट्टेदार, सगळे फेटे बांधून.

पेशकारांनी सांगितले, "वाटूर परभणीत येतं. तुमचं मत तिकडं."

"तिकडं आमचा जावई न्हाई ना!"

"पण जिल्हा वेगळा आहे."

सगुणाबाईंचे थोरले भाऊ पुढे झाले. "साहेब, पोरगी दिली तवा आमी घर पाह्यलं, रान पाह्यलं, इहिरीचं पानी पाह्यलं. जिल्हा कशाला पाहतो कोन?"

पेशकारांनी चिवडा मागवला. पाहुणे चिवडा खाऊन, जावयाच्या नावाचा जयजयकार करून परत गेले. पाटलांचे नाव मोकळ्या गळ्याने घेणारी इतकी माणसे त्या निवडणुकीत पुन्हा एकत्र दिसली नाहीत. या वाक्यात मी काय म्हणते आहे ते पुढे कळेल.

*

मतदानाच्या दिवशी धावड्याच्या शाळेत पुरुषांची खोली वेगळी होती आणि ओसरीवर कनात लावून बायकांची जागा केली होती. कनातीच्या आत मी. बाहेर तहसीलदारसाहेब, पाटलांच्या वतीने काका आणि देशमुखांचा एजंट. पाटील स्वतः समोरच्या लिंबाखाली, गुलाबी पटका बांधून.

पद्धत सोपी होती. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने उमेदवाराचे नाव अधिकाऱ्याच्या कानात सांगायचे, अधिकाऱ्याने कागदावर खूण करायची. नियम उर्दूत छापलेला होता आणि साहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. नाव मतदाराने 'अपनी ज़बान से' घ्यायचे.

सगळ्यांच्या आधी पाटलांची धाकटी भावजय आली. पदर नाकापर्यंत.

"कुणाला मत?" मी विचारले.

"आमच्या भासऱ्यांना."

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. "त्यांचं नाव सांगा."

तिने जीभ चावली. "भासऱ्यांचं नाव? आगं बाई!"

"पण नावाशिवाय मत होत नाही."

"ते काय, लिंबाखाली बसल्यात. गुलाबी पटका."

मी कनातीतून साहेबांना विचारले. देशमुखांचा एजंट ताडकन म्हणाला, "पटका उभा न्हाई इलेक्शनला! मानूस उभा हाये!" साहेबांनी नियम पुन्हा वाचला आणि खिन्नपणे म्हणाले, "नाम लाज़िम है." नाव घेणे सक्तीचेच होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले की काय घडते आहे. रांगेतल्या बहुतेक सगळ्या जणी पाटलांच्या भावजया किंवा सुना! कुणाचे ते भासरे, कुणाचे चुलत सासरे. गावातली कोणतीही परकी बाई त्यांचे नाव सहज घेऊ शकली असती. पण परक्या बायकांच्या नावावर जमीन नव्हती. पाटलांनी मतदार म्हणून नेमक्या त्याच बायका निवडल्या होत्या ज्यांना जन्मात त्यांचे नाव घेता येणार नव्हते!

मतदान गुप्त असते, हे मला मान्य आहे. पण पुढे जे झाले ते त्या बायकांनी स्वतःच निकालाच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या गावाला सांगितले, म्हणून सांगते. दुसऱ्या भावजयीने जरा विचार केला आणि माझ्या कानाशी येऊन स्पष्ट म्हणाली, "विनायकराव देशमुख."

"अहो, पण मत मग देशमुखांना जाईल!"

"जाऊ द्या की. त्यांचं नाव घेता येतं. ते काय माझे कोन हायेत?"

"पण तुम्हाला पाटलांना द्यायचं आहे ना?"

"बाई, घरून निघताना सांगितलंय, मत दिल्याबिगर माघारी यायचं न्हाई. तसंच माघारी गेले तर मला काय म्हंतील?"

मी खूण केली. जाता जाता तिने हा मार्ग मागच्या सगळ्यांच्या कानात घातला. एकामागून एक त्या येत होत्या, आज्ञाधारकपणे देशमुखांचे नाव घेत होत्या आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने लिंबाखाली बसलेल्या पाटलांसमोरून पदर सावरत जात होत्या. पाटील प्रत्येकीकडे पाहून मिशीवर हात फिरवीत होते!

एक मात्र अडली. तिचे भासरे यशवंतराव, आणि नवऱ्याचे नाव विनायक. ती रडकुंडीला आली.

"दोनी नावं घरचीच निघाली, बाई! साहेबांना म्हनावं, माझ्यापुरता तिसरा उभा करा!"

*

पाटलांची आई आल्यावर मला हायसे वाटले. आईला मुलाचे नाव घ्यायला कसला संकोच? म्हातारीला ऐकू कमी येई, म्हणून ती बोलेही तशीच. मी कान पुढे केला. तिने तो बाजूला सारला, कनात वर केली आणि लिंबाकडे हात करून गर्जना केली, "यशवंता! माझं मत माझ्या यशवंताला! आन् त्याला म्हनावं, जेवून घे आदी!"

"ऑब्जेक्शन!" देशमुखांचा एजंट उडालाच. "मत गुप्त पायजे. हे सगळ्या शिवारानं ऐकलं!"

काका भांडले, कलमे दाखवली. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि निर्णय दिला. मत रद्द! त्या घरातून पाटलांना उघडपणे मिळालेले एकमेव मत असे बाद झाले.

शेवटी सगुणाबाई आल्या. बाहेर काय चालले आहे ते त्यांना सगळे ठाऊक होते. मला त्या घटकेला एक युक्ती सुचली आणि तिचा मला अभिमानही वाटला.

"सगुणाबाई, तुम्ही उखाणा घ्या! उखाण्यात नवऱ्याचं नाव घेता येतं. मी ते ग्राह्य धरीन."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. "उखाना हौसेनं घेत्यात, बाई. शिपाई उभा करून न्हाई."

"मग आता?"

त्या वाकल्या आणि माझ्या कानात एक नाव सांगितले. हळू, पण स्वच्छ. मी खूण केली आणि कागद दुमडला.

ते नाव कोणते, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. ते राज्य गेले, ते कौन्सिल गेले, कायदाही गेला. पण त्यांनी ते कानात सांगितले होते.

*

निकाल जालन्याच्या कचेरीपुढे तालुकावार वाचला गेला. पेशकार उर्दूत वाचत, एक जण त्याचे मराठी करी, आणि प्रत्येक तालुक्यानंतर चुकीची मंडळी हलगी वाजवीत!

पहिला जाफराबाद आला. देशमुखांचे घरचे मैदान. तिथे पाटलांना आघाडी! सगळे अवाक. मी काकांना कारण विचारले.

"उघड आहे," काका म्हणाले. "तिथं देशमुखांना लोक ओळखतात!"

मग जालना. इथे दोघांना कुणीच ओळखत नव्हते, म्हणून मते सारखी पडली. पाटलांच्या माणसांनी पेढ्यांची टोपली उघडली. राहिला भोकरदन तालुका, त्यातच धावडा. तिथे पाटील बुडाले. एकूण बेरजेत देशमुख निवडून आले ते इतक्या थोड्या मतांनी, की पाटलांच्या एका पंगतीला बसणाऱ्या बायका त्याहून जास्त भरल्या असत्या.

गर्दी पांगली तरी पाटील तिथेच उभे होते. पटका सुटून खांद्यावर आलेला. ते माझ्याकडे आले.

"बाई, एकच सांगा. घरच्यांनी कुनाला दिलं?"

"मतदान गुप्त असतं, पाटील."

"आवो, ती माझी बायको हाये!"

"म्हणून तर कनात लावली होती," मी म्हणाले.

*

पाटलांना वाटले, जागा गेली ती गेली, निदान जमीन घरात घ्यावी. जाफराबादचा सोयराही आता विचारू लागला होता, "लग्नाचं बोलू, पन पट्टा कुनाच्या नावावर हाये?" काकांनी परतीचे दस्त तयार केले. सगळ्या बायकांना गाड्यांत घालून रजिस्ट्रारच्या कचेरीत आणले. ओळख पटवायला बाई माणूस हवे म्हणून मलाही बोलावले.

रजिस्ट्रार वयस्क आणि नेमस्त. त्यांनी सगुणाबाईंना प्रथम पुढे घेतले, कारण मोठा मळा त्यांच्या नावे होता.

"बाई, यह ज़मीन आप अपनी ख़ुशी से दे रही हैं?"

सगुणाबाईंनी दस्ताकडे पाहिले.

"किसको दे रही हैं? नाम बोलो. अपनी ज़बान से."

मी दचकले. काकांनी माझ्याकडे पाहिले, मी काकांकडे.

सगुणाबाईंनी पदर पुढे ओढला. "मालकांचं नाव कसं घेऊ, साहेब?"

"अगं घे की!" पाटील ओरडले. "मी सांगून राह्यलो, घे!"

"नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हंत्यात," त्या खाली पाहून म्हणाल्या. "एका मळ्यापायी मी तुमचं आयुष्य कमी करू का?"

बायको आपले आयुष्य जपते आहे, याला नवऱ्याने चार माणसांत हरकत घ्यायची तरी कशी?

"वकीलसाहेब, कायद्यात काही तरी असंल ना?" त्यांनी काकुळतीने विचारले.

"उखाणा..." काका पुटपुटले.

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "उखाणा हौसेनं घेतात, काका."

रजिस्ट्रारांनी लेखणी खाली ठेवली. "बाई दुरुस्त कहती हैं. शौहर की उम्र पहले, ज़मीन बाद में." आणि त्यांनी पुढचे नाव पुकारले. पुढे आली ती धाकटी भावजय. तिचे तर ते भासरेच होते!

गाड्या जशा आल्या तशा परत गेल्या. जाफराबादची सोयरीक त्यानंतर कुणी बोलून दाखवली नाही.

*

संक्रांतीला सगुणाबाईंनी मला हळदीकुंकवाला धावड्याला बोलावले. ओसरी बायकांनी भरलेली होती. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले. पाटील बैठकीत दोन पाहुण्यांबरोबर बसले होते. मधले दार उघडेच होते. रीतीप्रमाणे बायका मागे लागल्या, "पाटलीणबाई, नाव घ्या! नाव घेतल्याबिगर उठू द्यायचं न्हाई!"

धाकट्या भावजयी तोंडाला पदर लावून एकमेकींकडे पाहू लागल्या. मला वाटले, आता त्या लाजून आत जातील.

सगुणाबाई उभ्या राहिल्या. कपाळावरचा पदर मागे सारला. एवढा मोठा आवाज त्यांच्यापाशी आहे, हे मला ठाऊक नव्हते. बैठकीतल्या पाहुण्यांनीही माना वळवल्या.

"धावड्याच्या मळ्यात बोंडं फुटली सारी,
यशवंतरावांचं नाव घेते, मी पट्टेदारीण खरी!"